पुरानंतर शाळेत कामाला जाताय? आधी ऑफिसातलं कपाट बघा

पावसाळा तोंडावर आला की बडोद्यातली समाजकार्याची नवी मुलं विचारायला लागतात, पूर आलाच तर शाळेत जाऊन नेमकं करायचं काय? चिखल काढायचा, खिचडी वाटायची, मुलांना खेळवायचं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्यावर मी फार बोलणार नाही. मला बोलायचंय ते ऑफिसातल्या लोखंडी कपाटाबद्दल. बाकीचं काम चार दिवस उशिरा झालं तरी भरून निघतं, तिथलं निघत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये जन्माष्टमीचा पाऊस आणि वरून आजवा धरणाचं पाणी, यांनी बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री नदी फुगली. २५ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून ३५ फुटांच्याही वर गेली. मी ज्या शाळेत काम केलं तिथं तळमजला छातीभर पाण्यात होता. बाकं, नकाशे, तबला-पेटी, मध्यान्ह भोजनाचं धान्य, सगळं गेलं. आणि कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात होती जनरल रजिस्टरं.

मूल शाळेत आलं की त्याचं नाव, जात, जन्मतारीख, जन्मठिकाण ज्या ओळीत लिहिलं जातं ते हे रजिस्टर. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. एरवी दाखला हरवला तर शाळेतून पुन्हा मिळतो, म्हणून कोणी घाबरत नाही. पण पुरात घरची प्रत आणि शाळेतली प्रत एकाच रात्री भिजते. मुजमहुड्याकडच्या एक बाई मुलीच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. घरातली ट्रंक वाहून गेलेली, आता शाळेवरच सगळा भरवसा. त्यांना ‘बघतो’ म्हणताना मला जे वाटलं ते मी अजून विसरलेलो नाही. आपल्या मराठी घरांत तर जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची शाळेतली नोंद शोधावी लागते. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्यामुळे इथल्या जुन्या शाळांच्या कपाटांत तीन-चार पिढ्या सापडतात.

आता फसगत कुठे होते ते सांगतो. सावकाश वाचा.

पाणी ओसरतं, ऊन पडतं, आणि कोणीतरी कामसू माणूस सगळी रजिस्टरं गच्चीवर नेऊन उन्हात उघडून ठेवतो. आम्ही पोचायच्या आधी तिथं हेच झालं होतं, आणि चांगल्या मनानंच झालं होतं. कडक उन्हात कागद आक्रसतो, वाकडातिकडा होतो, पुठ्ठा सुटतो. वरचं पान वाळतं आणि आतली ओली पानं एकमेकांना चिकटून बसतात. ती ओढून सुटी करायला गेलं की अक्षरं समोरच्या पानावर जातात. इस्त्री, हेअर ड्रायर यांचे व्हिडिओ फोनवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. असल्या झटपट उपायांवर माझा राग आहे आणि तो जाणार नाही.

कागद भिजल्यापासून साधारण दोन दिवसांत, आपल्याकडच्या दमट हवेत तर हमखास, बुरशी धरायला लागते. म्हणजे तुम्ही शाळेत पाऊल टाकता तेव्हा वेळ आधीच संपत आलेली असते. फुगलेलं रजिस्टर जबरदस्तीनं उघडू नका. ते आडवंच उचला, खाली ट्रे किंवा फळी धरून, कारण ओलं रजिस्टर स्वतःच्या वजनानंच फाटतं. वरचा चिखल घासू नका, वाळल्यावर मऊ ब्रशनं झटकता येतो. वरच्या मजल्यावर सावलीत, वाऱ्याच्या तोंडाला ठेवा. जितकी पानं आपोआप सुटतील तेवढ्यांतच कोरा टिपकागद किंवा छपाई नसलेला न्यूजप्रिंट घाला आणि ओला झाला की बदला. छापलेलं वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. शाईपेनानं लिहिलेल्या नोंदी पाण्यात पसरतात, बॉलपेनच्या बऱ्याचदा टिकतात, म्हणून जुनी रजिस्टरं आधी हातात घ्या. सगळ्यांना एकदम पुरं पडता येत नसेल तर उरलेली मेणकागदात गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. गोठवल्यानं कागद वाळत नाही, पण बुरशी थांबते आणि तुम्हाला उसंत मिळते. वीज असलेल्या भागातला आइस्क्रीमवाला ओळखीचा असेल तर त्याला विचारायला लाजू नका. पान सुटं झालं की लगेच फोटो, ओळ स्पष्ट दिसेल असा.

आणि काहीही फेकायचं नाही. लगदा झालेलं रजिस्टरसुद्धा नाही. आधी फोटो, मग मुख्याध्यापकांच्या सहीनं पंचनामा, मग शिक्षण खात्याला लेखी कळवणं. पुसलेली जन्मतारीख अंदाजानं पुन्हा लिहायचा मोह शाळेला होतो, कारण पालक दारात उभे असतात. ते कधीही होऊ देऊ नका. हजेरीपत्रकं, शिष्यवृत्तीचे अर्ज, जुन्या विद्यार्थ्यांकडचे दाखले, यूडायसची (शाळांच्या माहितीची सरकारी नोंदणी) माहिती असं सगळं जमवून वरिष्ठांच्या लेखी परवानगीनंच नोंद पुन्हा उभी राहते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची काळजी करू नका, त्यांची दुय्यम प्रत बोर्डाकडून मिळते.

हे काम करताना मला फार एकटं वाटायचं. खाली अंगणात माझे बॅचमेट मुलांना गोलात बसवून गाणी म्हणत होते आणि मी वरच्या व्हरांड्यात शाळेच्या निवृत्तीला आलेल्या क्लार्कसाहेबांबरोबर पानं सुटी करत होतो. ते प्लास्टिकची पातळ पट्टी दोन पानांच्या मधे अलगद सरकवायचे, श्वास रोखून. मधेच एखादं नाव वाचून म्हणायचे, ‘हा आता नवापुऱ्यात राहतो, याचा मुलगाही आपल्याकडेच शिकला.’ दोन तासांची ट्रेनिंग देऊन सर्टिफिकेट वाटणाऱ्यांपेक्षा त्यांच्याकडून मी जास्त शिकलो. गुरू शोधायचाच असेल तर शाळेतला क्लार्क किंवा जुना शिपाई शोधा. कुठल्या खणात काय आहे ते त्यांनाच माहीत असतं.

तुम्हालाही असं एकटं वाटेल. वाटू द्या. ते काम कोणाला दिसत नाही, म्हणून ते कमी होत नाही.

सफाईबद्दल थोडक्यात: गमबूट आणि हातमोजे हवेतच, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, उंदरांच्या मूत्रानं दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. वायरमननं तपासल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. पाण्याची टाकी रिकामी करून, घासून, क्लोरिन टाकूनच वापरायची. बाहेरगावाहून आलेल्यांना मगरीचं खरं वाटत नाही, पण विश्वामित्रीतल्या मगरी पुरात वस्तीत येतात. शाळेचं आवार, गटार, झुडपं मोठ्यांनी आधी पाहावीत. दिसली तर लांब राहून वनविभागाला फोन.

मुलांना ‘पाणी आलं तेव्हा काय वाटलं?’ असं वर्गात उभं करून विचारू नका, पुराचं चित्रही काढायला लावू नका. एका बैठकीत सगळं बोलून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. तिच्या मानसिक प्रथमोपचाराचा गाभा तीन शब्दांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. मूल आपणहून बोललं तर ऐका. नाहीतर घंटा वेळेवर वाजवा, प्रार्थना घ्या, त्याची जागा त्याला परत द्या. फार दिवस झोप नाही, जेवण नाही, बोलणं बंद, असं दिसलं तर डॉक्टरांपर्यंत पोचवा. बहुतेक मुलं सावरतात. ती सावरताना मी पाहिली आहेत, म्हणून हे ठामपणे सांगतो.

शिक्षकांना मात्र सगळे विसरतात. ज्या बेन (इथे शिक्षिकेला असंच म्हणतात) सकाळी साडी खोचून वर्ग धूत होत्या त्यांच्या स्वतःच्या घरातला चिखल तसाच होता. त्यांना आणखी एक कार्यशाळा देऊ नका. आळीपाळीनं घरी जाऊ द्या आणि तेवढा वेळ वर्ग तुम्ही सांभाळा. आणि वह्या-दप्तरं वाटताना मुलांचे फोटो काढणाऱ्या दात्याला मुख्याध्यापकांच्या खोलीतच थांबवा. हे तोंडावर सांगायला जड जातं, तरी सांगा.

पूर आलेला नसताना हे वाचत असाल तर आणखी सोपं आहे. मे महिन्यात जवळच्या शाळेत जा, रजिस्टरं वरच्या मजल्यावर हलवायला मदत करा, आणि परवानगी घेऊन प्रत्येक पानाचा फोटो काढा. एक प्रत मुख्याध्यापकांकडे, एक क्लार्ककडे, तुमच्या फोनमध्ये एकही नको. त्यात लोकांची जात आणि जन्मतारीख असते.