ड्रायव्हर भावाला फिट आली तेव्हा

माझा धाकटा भाऊ आयशर ट्रक चालवायचा, नाशिकहून वाशी मार्केटला कांदा. एकदा रात्री झोपेत त्याला फिट आली. शेजारचे चप्पल हुंगवायला धावले. मी त्यांना थांबवलं, त्याला कुशीवर वळवलं, तोंडात काही घालू दिलं नाही. न्यूरोलॉजिस्टनी (मेंदूच्या डॉक्टरांनी) ईईजी, एमआरआय या मेंदूच्या तपासण्या करून रोजची गोळी सुरू केली.

लायसन्सचं नूतनीकरण तोंडावर होतं. ट्रान्सपोर्ट लायसन्स ५ वर्षांचंच असतं, त्याला फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरांचा तपासणीचा दाखला लागतो, आणि फॉर्म १ मध्ये, म्हणजे आपण स्वतः भरायच्या माहितीत, फिट, चक्कर, अचानक शुद्ध हरपणं याबद्दल थेट विचारलेलं असतं. एजंट म्हणाला, "डॉक्टरांची सही मी आणतो, तुम्ही फिटबद्दल बोलूच नका." मी साफ नाही म्हटलं. भरल्या गाडीनं कसारा घाट उतरताना शुद्ध हरपली तर?

भाऊ चिडला, बोलेना. खरा प्रश्न पोटाचा होता. म्हणून मीच त्याच्या शेठकडे गेलो, सगळं खरं सांगितलं. त्यांनी त्याला वजनकाटा, बिल्टी (मालाची पावती) करणं, भाडं ठरवणं या कामावर घेतलं. पगार कमी, पण रात्रीची झोप पुरी. जागरणानं फिट उलटते हे डॉक्टरांनी बजावलंच होतं. बरं वाटतंय म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही, यावर त्याच्या बायकोचं बारीक लक्ष असतं.