प्रयोगशाळेच्या चेंबरसाठी प्लास्टिक निवडताना या चुका टाळा

हातमोजे बसवलेले, आर्द्रता राखणारे किंवा आम्लाच्या वाफा कोंडून धरणारे छोटे चेंबर बांधून काही आठवड्यांतच तडकले, की दोष बहुधा शीटच्या दर्जाला दिला जातो. प्रत्यक्षात उष्णता, रसायन आणि शीटमध्ये दबून राहिलेला ताण हे तिन्ही एकत्र आल्यावर काय होईल, याचा विचार निवडीच्या वेळी झालेला नसतो.

सर्वांत जास्त फसवते ते अ‍ॅक्रिलिक. ते काचेसारखे स्वच्छ दिसते, स्वस्त पडते आणि लेझरने हवे तसे कापता येते. परंतु लेझरने कापलेल्या कडेत ताण साठून राहतो आणि अशी कड स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, तरी तिच्यावर बारीक भेगांचे जाळे उमटू शकते. अ‍ॅसिटोनमध्ये तर अ‍ॅक्रिलिक सरळ विरघळते. भेगा केवळ कडांपाशी आणि स्क्रूच्या भोकांभोवती असतील व मधला भाग स्वच्छ असेल, तर प्रथम याच कारणाचा संशय घ्यावा. तशीच नवी शीट बसवल्यास तीही तडकेल. कापल्यानंतर आणि जोडण्यापूर्वी शीट सुमारे 80 अंश सेल्सियसला काही तास ओव्हनमध्ये ठेवून अगदी सावकाश थंड करावी, जाड शीटला अधिक वेळ द्यावा, आणि पुढे चेंबर पुसण्यासाठी सौम्य साबणाचे पाणीच वापरावे.

भोकांबाबतची चूक प्रसरणाची आहे. एक मीटर लांबीची अ‍ॅक्रिलिक शीट तापमान 50 अंशांनी वाढल्यावर सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबते, तर तेवढीच स्टेनलेस स्टीलची चौकट एक मिलिमीटरही वाढत नाही. म्हणून भोके लांबट व सैल ठेवावीत.

अ‍ॅक्रिलिक तडकले म्हणून डोळे मिटून पॉलिकार्बोनेट आणणे ही दुसरी चूक. ते आघात सोसते आणि उष्णताही अधिक सहन करते. पण अमोनिया, कॉस्टिक सोडा आणि डायक्लोरोमिथेन त्याला खराब करतात, आणि ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) 121 अंशांच्या वाफेत वारंवार घातल्यास ते हळूहळू ठिसूळ होते.

माहितीपत्रकातील तापमानाचा आकडाही नीट वाचावा लागतो. अ‍ॅक्रिलिक 105 अंशांच्या आसपास मऊ पडते, याचा अर्थ ते 100 अंशांना वापरता येते असा नव्हे. सतत वापरासाठी 70 ते 80 अंश हीच मर्यादा धरावी. शिवाय भाराखाली वाकण्याचे तापमान 0.45 किंवा 1.8 मेगापास्कल अशा वेगवेगळ्या भारांना मोजलेले असते, त्यामुळे भार न पाहता दोन प्लास्टिकची तुलना करणे निरर्थक ठरते.

आम्ल आणि अल्कली दोन्ही हाताळायचे असतील, तर पॉलिप्रॉपिलीन हा माझ्या मते सर्वांत समंजस पर्याय आहे; मात्र संहत नायट्रिक आम्लापासून ते दूर ठेवावे. नेहमीच्या गोंदाने ते चिकटत नाही, सांधे गरम हवेच्या वेल्डिंगनेच करावे लागतात. सांधा उचकटला, तर आणखी गोंद लावण्यात वेळ घालवू नये. पीव्हीडीएफ हे फ्लोरिनयुक्त प्लास्टिक आम्लांना उत्तम, पण तीव्र अल्कलींना नाही. टेफ्लॉन 260 अंशांपर्यंत टिकते आणि जवळजवळ कोणत्याही रसायनाला दाद देत नाही, पण सततच्या दाबाखाली ते सरकत राहते. स्क्रू पुन्हा पुन्हा ढिले होत असतील, तर ते आणखी आवळल्याने टेफ्लॉन अधिकच पसरते. पीव्हीसी लेझरने कधीही कापू नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. यंत्र गंजते, आणि फुप्फुसांचे काय होईल हे वेगळे सांगायला नको.

भिंती शाबूत असूनही वास बाहेर येत असेल, तर आधी दाराचे गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी रबरी पट्टी, काढून पाहावे. व्हायटॉन हे फ्लोरिनयुक्त रबर अ‍ॅसिटोनमध्ये फुगते. तेथे ईपीडीएम हे दुसरे कृत्रिम रबर चालते, पण तेच ईपीडीएम पेट्रोलियम तेलात फुगते.

शीट मागवण्यापूर्वी त्याच प्लास्टिकची एक पट्टी किंचित वाकवून क्लॅम्पमध्ये धरावी, वाकून ताणल्या गेलेल्या बाहेरच्या बाजूवर रसायनात भिजवलेला कापूस ठेवावा आणि चेंबरच्या कामाच्या तापमानाला आठवडाभर पाहावे. न वाकवलेली पट्टी नुसती बुडवून केलेल्या चाचणीत ताणामुळे पडणाऱ्या भेगा दिसत नाहीत.