राग आलाय की नुसता जिना चढलात?

‘दीर्घ श्वास घ्या, शांत व्हा’ हा सल्ला ऐकून मला वीट आलाय. आपण चिडलोय हे आधी कळायला तर हवं! ते पहिल्यांदा कळतं अंगाला. शरीरातून येणारे हे निरोप मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागात पोचतात, आणि भावना जाणवण्यातही त्याच भागाचा हात असतो.

हे निरोप ओळखायची सुरुवात हृदयाच्या ठोक्यांपासून करा. डोळे मिटून, नाडीला बोट न लावता, अर्धा मिनिट स्वतःचे ठोके मोजा. त्याच वेळी घरातल्या कुणालातरी मनगट धरून मोजायला सांगा. ठोके मोजायची ही कसोटी मानसशास्त्रज्ञ रायनर शँड्री यांनी 1981 साली वापरली होती. फक्त ‘मिनिटाला बहात्तर, म्हणजे छत्तीस’ असा हिशेब करू नका. जाणवला तोच ठोका धरायचा. स्मार्टवॉच काढून ठेवा, ते आकडा सांगतं, जाणीव देत नाही. ठोक्यांकडे लक्ष दिलं की घाबरं होत असेल तर तळपायांकडे लक्ष द्या. छातीत दुखत असेल तर हे सगळं सोडा आणि डॉक्टर गाठा.

आता खरी गोम. जाणवलं त्याला नाव देण्याची घाई.

मी कित्येक महिने इथेच आपटले. ठाणे स्टेशनचा जिना धावत चढून ट्रान्स-हार्बर लोकलच्या फलाटावर पोचायचे, पोटात टपरीवरचे दोन कटिंग आणि बाकी काही नाही. छाती धडधडत असतानाच सासूबाईंचा फोन: ‘भाजी कुठली आणतेस?’ मी खेकसायचे. माझी खात्री होती, राग त्यांचाच आलाय. घणसोली येईपर्यंत राग गायब आणि वर अपराधी वाटणं सुरू.

म्हणून पहिली दोन मिनिटं ‘राग’, ‘टेन्शन’ हे शब्द बंद. फक्त अंगाची भाषा: जबडा आवळलाय, घसा कोरडा, पोटात खड्डा. मग विचारा: धावले का? चहा किती झाला? खाल्लं कधी? जिन्याची धडधड ऐरोली स्टेशनच्या आत बसते. ती बसूनही जबडा सुटला नसेल, तर तो बहुधा राग. आता कुणावर ते शोधा. आणि ‘बरं वाटत नाही’वर थांबू नका. अपमान, भीती, कंटाळा यांतलं नेमकं काय?

समोरच्याचा आवळलेला जबडा दिसायला लागणं हे मात्र त्यातून आपोआप येतंच असं नाही.

हल्ली फोन आला की मी सांगते, ‘आई, जिना चढून आलेय, बसले की करते.’