आधी जुनी फाइल, मग कोर्स

नाशिकच्या सातपूरमधल्या आमच्या ऑफिसात नवी पोरं लागली की पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, कॉन्ट्रॅक्ट मॅनेजमेंटचा कोणता कोर्स करू?" मी कपाटातून हिशेब मिटलेल्या एका कामाची जाडजूड फाइल काढून देते.

ती उलटी वाचायची. आधी अंतिम बिल, मग आरए (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने लावलेली) बिलं, मोजमाप पुस्तक, पत्रव्यवहार, आणि शेवटी करारनामा. बिलातून कापलेला प्रत्येक रुपया कुठल्या कलमाखाली कापला, ते हुडकायचं. चार दिवस जातात, जाऊ द्यावेत. करारनामा पहिल्या पानापासून वाचणारा दहाव्या पानावर मोबाईल काढतोच.

मग दोनशे पानी वही घ्या आणि कलम, कोणी कोणाला कळवायचं, किती दिवसांत, असे तीन रकाने आखा. या वहीसाठी मी हट्ट धरते, कारण माझ्याकडे ती नव्हती. एका जुलैत गोदावरीला पूर आला, आमची साइट अकरा दिवस बंद. काम देणाऱ्यांचे साहेब म्हणाले, "मुदतवाढ देऊ हो, काळजी कशाला?" करारात मात्र २८ दिवसांत लेखी कळवायची अट होती. मी पत्र घेऊन गेले एकेचाळिसाव्या दिवशी, तोवर साहेबांची बदली झालेली. उशिराचा दंड अंतिम बिलातून गेला. पोरांना देते ती फाइल याच कामाची. "हे पत्र इतक्या उशिरा का गेलं?" असं जो विचारतो, तो फाइल खरंच वाचतोय.

पुढे रोज एक पत्र लिहून घ्यायचं. काय घडलं, कधी, कुठलं कलम, काय हवं. संपलं. 'आपल्या सोयीनुसार' हे शब्द मी लाल पेनाने खोडते. आणि आवक शिक्क्याची पोच हातात नसेल, तर पत्र गेलंच नाही असं धरा.

कायदा सुरुवातीला थोडाच पुरतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातली ७३ आणि ७४ ही कलमं नीट वाचा. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणजे तो सगळा वसूल होतोच असं नाही. ती कमाल मर्यादा, तिच्या आत वाजवी भरपाई. अंबडच्या छोट्या कारखान्यांत बिलं बघणाऱ्यांनी २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदाही बघावा. करारात उधारी कितीही लिहिलेली असो, सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज.

एवढं झाल्यावर कोर्स. बांधकामवाल्यांसाठी पुण्याचं निकमार आहे, बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी संस्था; पैसे नसतील तर एनपीटेलची, म्हणजे आयआयटीवाल्यांची ऑनलाइन व्याख्यानं फुकट ऐकता येतात. फी भरण्याआधी एकच विचारा: नोटीस आणि क्लेम (जादा पैशाची किंवा मुदतीची मागणी) स्वतः लिहायला लावता का? नुसत्या स्लाइड दाखवणार असतील, तर माझ्याकडे अजून तीन फाइली आहेत.