शब्बाथच्या जेवणाला ज्यू घरी जाताना

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. शब्बाथ हा आमचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. शुक्रवारी संध्याकाळी पहिल्यांदाच जेवायला येणारे पाहुणे आधी विचारतात, "तुमच्यात काय चालत नाही?" ते आम्ही घरचे बघतो. तुम्ही एवढंच करा: न विचारता बाहेरचं शिजवलेलं आणू नका आणि वाइनची बाटली यजमानालाच उघडू आणि ओतू द्या. आमच्या शास्त्रातले जेवणाचे कितीतरी नियम खरं तर एकाच गोष्टीसाठी आहेत, पंगतीत कुणालाही ओशाळं वाटू नये. ते कळलं की बाकीचं आपोआप जमतं.

किद्दुश, म्हणजे वाइनच्या प्याल्यावरची प्रार्थना, म्हणून होईपर्यंत काही तोंडात टाकू नका. मग हात धुणं. दोन बाजूंना मुठी असलेल्या भांड्यातून आधी उजव्या हातावर, मग डाव्या हातावर पाणी घेतात. कुणी दोनदा घेतं, कुणी तीनदा. अंगठ्या आधी काढून ठेवतात. इथून पावाचा पहिला तुकडा खाईपर्यंत घरातलं कुणीच बोलत नाही. कुणी रागावलेलं नसतं, तेव्हा घाबरू नका. यजमान दोन अखंड पावांवर बरखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणतो, कापतो, मिठाला लावतो आणि सगळ्यांना देतो.

आता ताटाकडे वळू. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी लिहिलेल्या शुल्हान आरुख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाच्या पहिल्या भागातलं १७०वं प्रकरण जेवताना कसं वागावं यावरच आहे. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे किंवा त्याच्या वाढपाकडे बघू नये, तो लाजेल. अंड्याएवढा घास हातात धरून खाऊ नये. प्याला एका घोटात संपवणारा अधाशी, दोन घोटांत पिणारा रीतीचा, तीन घोट घेणारा गर्विष्ठ. उष्टा तुकडा परत ताटात ठेवू नये. स्वतः प्यायलेला प्याला दुसऱ्यापुढे करू नये, कारण समोरच्याला किळस आली तरी भिडेपोटी तो पिईल. एका ताटात दोघं जेवत असतील आणि एकजण मध्येच थांबला, तर दुसऱ्यानेही हात आवरायचा. घास तोंडात असताना बोलू नये, तो श्वासनलिकेत जाईल. दोन वाढपांच्या मध्ये मात्र जरूर बोला. तोराचं, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचं, चार शब्द बोलणं झालं नाही तर आम्हाला ते जेवण अपुरंच वाटतं.

एक नियम आपल्याकडच्या माणसाला अवघड जातो, म्हणून मुद्दाम सांगते. घरातलं पोर तुमच्या खुर्चीशी येऊन उभं राहिलं, तरी यजमानाला विचारल्याशिवाय आपल्या ताटातलं त्याला देऊ नका. ताल्मुदात, म्हणजे आमच्या जुन्या धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, यामागची गोष्ट आहे. दुष्काळाचं वर्ष. एका माणसाने तिघांना जेवायला बोलावलं, आणि घरात होती फक्त तीन अंडी. पोर आलं तेव्हा पहिल्याने आपला वाटा त्याला दिला, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्यानेही. बाप परतला तर पोराच्या तोंडात एक, हातांत दोन. पाहुण्यांपुढे ठेवायला काहीच उरलं नाही. संतापाने त्याने पोराला जमिनीवर आपटलं, ते गेलं, आणि पाठोपाठ आईबापही गेले. माया करणाऱ्या त्या तिघांना घरातली टंचाई ठाऊकच नव्हती. तुम्हालाही ती दिसणार नाही, म्हणून आधी विचारायचं.

पाव फेकू नका, आणि भरलेला प्याला पावावरून पलीकडे देऊ नका.

शेवटी बिरकत हमाझोन, म्हणजे जेवणानंतरची प्रार्थना. एरवीच्या दिवशी तिच्या आधी कितीतरी घरांत टेबलावरच्या सुऱ्या झाकतात किंवा उचलतात, शब्बाथला मात्र तसं न करण्याची रीत आहे. पाहुणा ज्यू असेल तर प्रार्थना त्याने सांगायची, म्हणजे तो यजमानासाठी मागणं मागेल. तुम्ही ती संपेपर्यंत बसून राहा. मग घरच्या बाईला तिने काय काय केलं ते नाव घेऊन सांगा. 'छान होतं' एवढ्यावर भागवू नका. ताल्मुदातले धर्मगुरू बेन झोमा म्हणत, चांगला पाहुणा म्हणतो की यजमानाने हे सगळं माझ्यासाठी केलं. वाईट पाहुणा म्हणतो, बायकापोरांसाठीच केलं, मी खाल्लं तरी किती? आणि निघताना खोलीतला दिवा बंद करू नका, तो शब्बाथ संपेपर्यंत तसाच राहतो.