खळं कुठलं, उखळ कुठलं? प्राचीन कलेतली शेती वाचताना या चुका टाळा

सूप दिसलं की ‘मळणी’ लिहून मोकळं व्हायचं, ही सर्रास होणारी चूक. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पूर्व तोरणावर उरुवेला गावाचं दृश्य कोरलंय. एक बाई उखळात कांडतेय, दुसरी सुपानं पाखडतेय. अशा फोटोखाली ‘धान्याची मळणी’ असं लिहिलं की घोटाळा झालाच. मळणी खळ्यावर होते, कणसातून दाणे सुटावेत म्हणून. कांडणी दारात, लागेल तेवढ्याच धान्याची, दाण्यावरचं टरफल निघावं म्हणून. शंका आली तर आधी बैल शोधा. मधे तिवडा (खळ्यातला खांब), भोवती फिरणारे बैल, त्यांच्या पायाखाली पेंढ्या असतील तर मळणी. उंचावरून वाऱ्यावर धान्य सोडलं जात असेल तर उफणणी. उखळ दिसलं तर खळ्याचं नाव काढू नका.

हडप्पाच्या गोल विटांच्या चौथऱ्यांचंही असंच झालं. तिथे धान्य कांडत असावेत, असा तर्क १९४६च्या उत्खननानंतर पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी मांडला. पुढे काही पुस्तकांत ते चक्क ‘मळणीचे चौथरे’ झाले. १९९८मध्ये असाच एक चौथरा नव्यानं, बारकाईनं खणला, तेव्हा धान्य कांडल्याचाही ठोस पुरावा हाती लागला नाही. शेजारच्या तथाकथित कोठाराबद्दलही अशीच शंका घेतली जाते. तेव्हा ‘असावं’चं ‘होतं’ करू नका.

दुसरी चूक म्हणजे नांगराची दोन-चार वैदिक सूक्तं सांगून साहित्य आटोपतं घेणं. खळं तर ऋग्वेदातच आहे: दहाव्या मंडलात इंद्र म्हणतो, खळ्यावर पेंढ्या झोडपाव्यात तसा मी शत्रूंना झोडपतो. शतपथ ब्राह्मणात नांगरणी, पेरणी, कापणी, मळणी अशी चारही कामं ओळीनं येतात. पाणिनीय परंपरेच्या गणपाठात, म्हणजे व्याकरणातल्या शब्दयाद्यांत, तर ‘खलेयवम्’, ‘खलेबुसम्’ हे काळ सांगणारे शब्द आहेत: जव खळ्यावर असतात ती वेळ, भुसा खळ्यावर असतो ती वेळ. व्याकरणाच्या पोथीत शेतकऱ्याचं कॅलेंडर सापडतं ते असं.

मला सगळ्यात आवडतो तो पाली विनयपिटकातला (बौद्ध भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ), त्यातल्या चुल्लवग्ग या भागातला प्रसंग. महानाम आपल्या भावाला, अनुरुद्धाला, प्रपंच समजावून सांगतो. शेत नांगरून घ्यायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, पाणी काढायचं, निंदणी, कापणी, वाहून आणणं, रास रचणं, मळणी, मग पेंढा काढायचा, भुसा काढायचा, उफणायचं, भरून ठेवायचं. आणि पुढच्या वर्षी पुन्हा हेच. अनुरुद्ध विचारतो, ही कामं संपतात कधी? संपत नाहीत, असं उत्तर मिळतं. त्यावर तो म्हणतो, मग घर तू सांभाळ, मी प्रव्रज्या (संन्यास) घेतो! मळणीनंतरच्या पायऱ्या इतक्या सुट्या करून सांगणारा उतारा सोडून लोक तीच तीच सूक्तं का उगाळतात, कळत नाही.

कौटिल्याचा दाखला देतानाही जपून. खळ्यावरच्या माणसांनी विस्तव बाळगू नये, पाणी जवळ ठेवावं, हा नियम अर्थशास्त्रात आहे खरा. पण तो सीताध्यक्षाच्या, म्हणजे सरकारी शेतीच्या प्रकरणात. गावोगावी तो पाळला जात होता, असं त्यावरून म्हणता येत नाही. उलट बाजूनं, काव्य म्हणून गाथासप्तशती हा प्राकृत गाथांचा संग्रह बाजूला सारणंही चुकीचं. पिकून पांढरी पडू लागलेली साळीची शेतं पाहून मान खाली घालून रडणारी नायिका तिथे आहे, आणि तागाचं शेत हरताळ (पिवळा रंग) माखलेल्या नटीसारखं पिवळं झालंय, म्हणून तिची समजूत काढली जाते. साळ कापली तरी भेटीला आडोसा उरेल, हा त्यातला इशारा. पिकं कुठली आणि कुठलं आधी कापणीला येतं, हे प्रेमाच्या गाथेतूनच कळतं.

राहिला बलराम. त्याच्या हातातल्या मुसळाला, म्हणजे उखळात कांडायच्या साधनाला, गदा म्हणू नका. इ.स.पू. १८०च्या सुमाराच्या, अगाथोक्लिस या इंडो-ग्रीक राजाच्या नाण्यावर एका हातात मुसळ आणि दुसऱ्यात नांगर स्पष्ट दिसतो.