ईपॉनवरून जीपॉनवर जाताना: आधी व्हीलॅन लिहून घ्या

ही यादी फक्त त्यांच्यासाठी, ज्यांनी फायबरचा डबा (घरातला मोडेम) स्वतःच्या पैशाने घेतलाय आणि ज्यांच्या केबलवाल्याने 'आपल्या भागातली लाइन ईपॉनवरून जीपॉनवर जाणार' असा मेसेज टाकलाय. ईपॉन आणि जीपॉन म्हणजे फायबरवरून नेट देण्याच्या दोन वेगळ्या पद्धती. डबा कंपनीचा असेल तर हात लावू नका, त्यांचा माणूस येईल आणि बदलेल.

सर्वात आधी, डबा अजून चालू असताना, त्याचं वॅनचं पान (बाहेरून येणाऱ्या नेटची सेटिंग) उघडा आणि व्हीलॅन आयडी (ऑपरेटरच्या लाइनमध्ये तुमचं नेट कुठल्या गटात जातं तो आकडा) कागदावर लिहा. कागदावरच. स्क्रीनशॉट काढून तो क्लाउडवर ठेवलात तर नेट गेल्यावर तो बघणार कसा? डब्याचा मोड ईपॉनवरून जीपॉन केला की बरेच डबे रीस्टार्ट होताना वॅनचं पान कोरं करून टाकतात. मागच्या वेळी माझा व्हीलॅन तिथेच गेला. दिवा हिरवा, सिग्नल उत्तम, आणि नेट नाही. ऑपरेटरच्या ऑफिसात फोन उचलणाऱ्या मुलीला व्हीलॅन म्हणजे काय हे माहीत नव्हतं, आणि ज्या लाइनमनला माहीत होतं तो खांबावर.

नुसता जुना आकडा लिहूनही भागत नाही. नव्या मशीनवर (ऑपरेटरकडचं, जिथून तुमची लाइन निघते) ऑपरेटर बऱ्याचदा व्हीलॅनचे आकडे नव्याने देतो. म्हणून सरळ विचारा: 'दादा, व्हीलॅन तोच राहणार का बदलणार? आणि टॅग लावायचा की नाही?' टॅग लावणं म्हणजे डेटावर व्हीलॅनचा आकडा चिकटवणं. उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी मागा. सोबत पीपीपीओईचं (नेटच्या लॉगिनचं) युजरनेम आणि पासवर्डही मागून घ्या, कारण पानावर पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात. बॅकअप फाइल डाउनलोड करायची तर करा, पण तिच्यावर विसंबू नका. ती उघडून आकडा वाचता येईलच असं नाही.

आता सिरियल नंबर. ईपॉनमध्ये ऑपरेटरचं मशीन तुमचा डबा मॅक अॅड्रेसवरून (डब्याचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) ओळखतं, जीपॉनमध्ये सिरियल नंबरवरून. गंमत अशी की दोन्ही १२ अक्षरांचे असतात, आणि घाईत स्टिकरचा फोटो पाठवला की समोरचा चुकीची ओळ टाइप करतो. जीपॉनच्या नंबरात पहिली चार अक्षरं कंपनीची, पुढची आठ त्या डब्याची. हुआवेचा असेल तर सुरुवात एचडब्ल्यूटीसी, झेडटीईचा असेल तर झेडटीईजी. काही डब्यांवर हाच नंबर १६ आकडी छापतात, म्हणजे एचडब्ल्यूटीसीच्या जागी ४८५७५४४३ दिसतं. घाबरू नका, नंबर तोच आहे, फक्त अक्षरांचे कोड लिहिलेत. नंबर टाइप करून पाठवा, फोटो वेगळा जोडा, आणि 'नंबर टाकला' असं उत्तर येईपर्यंत मोडला हात लावू नका.

आदल्या दिवशीच मोड बदलून ठेवण्याचा शहाणपणा तर मुळीच नको. ईपॉन आणि जीपॉन दोन्ही खाली येताना १४९० आणि वर जाताना १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर चालतात, त्यामुळे एका स्प्लिटरवर (एका फायबरच्या अनेक घरांसाठी फांद्या करणारा जोड) दोन्ही एकत्र नांदत नाहीत. ऑपरेटर लाइन हलवेल तेव्हा त्या स्प्लिटरवरची सगळी घरं एकदमच हलतात. तुम्ही आधी बदललात तर तुम्ही एकटेच बंद.

डब्यावर 'एक्सपॉन' लिहिलंय का ते बघा. त्याचा अर्थ ईपॉन आणि जीपॉन, एवढाच. दुकानदार 'सगळं चालतं साहेब' म्हणेल. एक्सजीएस-पॉन (जीपॉनच्या पुढची, जास्त वेगाची पद्धत) १५७७ आणि १२७० नॅनोमीटरवर चालतं. त्याला आतला लेझरच वेगळा लागतो, तिथे सेटिंगने काही होत नाही. आणि नुसतं ईपॉन लिहिलेला जुना डबा असेल तर ही यादी इथेच सोडा, नवा घ्या.

लॉगिन: स्टिकरवरचा साधा युजर चालत नाही, त्यात मोडचं पानच दिसत नाही. अॅडमिनचा पासवर्ड आधी वापरून बघा, त्या दिवशी नव्हे.

कनेक्टर हिरवा की निळा? हिरवा तिरका घासलेला असतो, निळा सरळ. डबा नवा घेतलात तर त्याचं भोक तुमच्या वायरीच्या रंगाचं आहे ना ते बघून घ्या. दोन्ही एकमेकांत बसतात, म्हणूनच लोक फसतात. बसतात आणि सिग्नल पडतो. आजचा रिसीव्ह पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या सिग्नलची ताकद, तोही लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये असेल तर निवांत राहा, उणे २७ च्या आसपास असेल तर आत्ताच भांडा, नंतर 'तुमच्या सेटिंगमुळे झालं' हे ऐकावं लागेल. तोंड उघडं असलेल्या फायबरमध्ये डोकावू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्यात जातो.

वाय-फायचं नाव आणि पासवर्डही लिहून घ्या आणि नंतर अगदी तेच ठेवा, नाहीतर टीव्ही, कॅमेरा, आईचा फोन, सगळं पुन्हा जोडत बसाल. कॅमेऱ्यासाठी पोर्ट उघडला असेल तर तोही. आणि व्हीलॅन लिहिलात ना? कागद डब्याजवळ आहे ना?

बदलाच्या दिवशी डबा लॅनच्या वायरने लॅपटॉपला जोडा, वाय-फायवरून हे करू नका. ऑपरेटरचा निरोप आला की मोड जीपॉन करा, सेव्ह करा, रीस्टार्ट होऊ द्या. स्टेटसच्या पानावर ओ५ (जोडणीचा 'चालू' हा टप्पा) दिसलं म्हणजे मशीनने डबा स्वीकारला. ओ२-ओ३ या आधीच्या टप्प्यांमध्येच घुटमळत असेल तर बहुधा सिरियल नंबर चुकीचा टाकलाय, फोन लावा. ओ५ आहे पण नेट नाही, तर व्हीलॅन बघा. मग पुन्हा व्हीलॅन बघा. तो बरोबर असेल तरच पुढचं: पीपीपीओई जोडत नसेल तर बहुधा तुमचं जुनं सेशन (आधीचं लॉगिन) अडकलेलं असतं किंवा खातं जुन्या मॅकला बांधलेलं असतं, दोन्ही ऑपरेटरच काढतो.

स्पीड टेस्ट वायरीवर घ्या. प्लॅन १०० चा असेल तर जीपॉनवरही १०० च मिळणार. नवं वॅनचं पान लिहून घ्या, अॅडमिनचा पासवर्ड बदला, झालं.